कडेची लाट

जहाजाच्या अकराव्या मजल्यावर, भर समुद्रात, उघड्या डेकवर दोन निवृत्त गृहस्थ कॅरम खेळत होते. सोंगट्या जागच्या हलत नव्हत्या. कठड्यापलीकडे पाणी तव्यासारखं सपाट पसरलं होतं आणि त्याच्याही पलीकडे, पाऊण किलोमीटरवर, सप्टेंबरचा खरा समुद्र उसळत होता. साडेतीन मीटरच्या लाटा. प्रवासी हातात लिंबू सरबत घेऊन त्या लाटांचे फोटो काढत होते.

‘मंदाकिनी’च्या छापील कार्यक्रमात त्या तारखेपुढे लिहिलं होतं: ‘आज कुठलंही बंदर नाही. आज निवांत दिवस.’

हेमांगी कुबल रोज सकाळी साडेदहाला प्रवाशांना ‘निस्तरंग’ यंत्रणा समजावून सांगायची. वय एकोणतीस, पांढरा गणवेश, छातीवर ‘वलय अभियंता’ अशी पट्टी. मालवणच्या उत्तरेला आडबंदर नावाचं गाव आहे, तिथल्या मासेमाराच्या घरातली ती. त्या घरातून समुद्रावर पगारी नोकरीला गेलेली ती पहिलीच.

“लाट म्हणजे पाण्याचा उंचवटा आणि खळगा, एकामागून एक,” ती सांगत होती. “पाण्यावर तरंगणाऱ्या आमच्या बोयांना येणारी लाट आधी कळते. उंचवटा आला की बोया पोटाखालची तबकडी खाली खेचतो आणि तिथे खळगा तयार करतो. उंचवटा खळग्यात बसला, पाणी सपाट. असे दोनशे चाळीस बोये, एकेक रिक्षाएवढा, जहाजाभोवती गोल धरून आपल्याबरोबर चालतात. आपण जाऊ तिथे शांत पाणी आपल्यासोबत येतं.”

“आणि लाटेतला जोर? तो कुठे जातो?” पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी विचारलं. नाशिकला तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं होतं त्यांनी.

“चहूकडे विखुरतो,” हेमांगी म्हणाली. कंपनीने हेच उत्तर शिकवलं होतं.

ते अर्धं खरं होतं. जोर नाहीसा करता येत नाही, फक्त ढकलता येतो. बोयांच्या वलयाच्या कडेला तो सगळीकडे सारखा वाटून दिला तर कडेची लाट थोडीशीच वाढते. पण तसं करताना जहाजाला बारीक थरथर येते, ग्लासातलं पाणी हलण्याइतकी. म्हणून मोठ्या लाटांच्या दिवशी यंत्रणा सगळा जोर एकाच बाजूला सोडायची. नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर तो लांब लाल पट्टा दिसे. तिथले लोक त्याला जीभ म्हणत. पश्चिमेकडचे सज्जे महागाचे, त्यांच्यासमोर उंच लाट नको, म्हणून जीभ नेहमी पूर्वेला, किनाऱ्याच्या बाजूला काढलेली असे.

साडेअकराला हेमांगी नियंत्रण कक्षात आली तेव्हा वायरलेसवर कोणीतरी ओरडत होतं.

“जहाजवाले! आयकतास काय? ही लाट तुमची आसा! आमच्यार टाकू नकात!”

आवाज तिने लगेच ओळखला. भालचंद्र, तिचा थोरला भाऊ. पावसाळ्याची बंदी उठून महिना झाला होता आणि आडबंदरच्या चौदा होड्या त्या पट्ट्यात मासेमारी करत होत्या. पडद्यावर चौदा ठिपके होते. जिभेचं टोक त्यांच्यात शिरलं होतं.

“दादा, मी हेमा.”

मग तो म्हणाला, “बाय? तू थंयच आसस? बरा झाला. बंद कर ता. सहा मीटर लाट उठता हय. सदाचा इंजिन बंद पडलाहा, मी तेका दोर लावतंय. तवसर तरी बंद कर.”

सदा म्हणजे त्यांच्या मधल्या बहिणीचा, अस्मिताचा नवरा.

हेमांगीने कॅप्टन मोहित्यांना फोन लावला. मागे काट्या-चमच्यांचा आवाज येत होता. लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाची मोठी पार्टी डेकवर जेवायला बसली होती.

“सर, जीभ मागे घ्यायला हवी. कडेला होड्या आहेत, त्यातली एक बंद पडलीय. जोर सगळीकडे वाटून देते.”

“आत्ता? सूप वाढताहेत, हेमांगी. सगळं सांडेल. अर्धा तास थांब.”

“सर, माझा भाऊ आहे तिथे.”

“म्हणूनच शांत डोक्याने घे. सहा मीटरच्या लाटा त्या लोकांना नवीन आहेत का? अर्ध्या तासाने मीच फोन करतो.”

यंत्रणेला कॅप्टनची गरज नव्हती. टेबलावरच्या काळ्या काचेवर कामावरच्या अभियंत्याने तळहात ठेवला की पुरे. हेमांगीचा हात काचेपासून वीतभर अंतरावर होता. चार वर्षांच्या नोकरीत तिने वरिष्ठांचा शब्द कधी मोडला नव्हता.

“दादा,” ती वायरलेसवर म्हणाली, “अर्धो तास कळ काढ.”

सतराव्या मिनिटाला सदाच्या ‘गंगासागर’चा ठिपका विझला. कॅमेऱ्यात तिला ते दिसलं होतं. बंद होडी लाटेला आडवी झाली, दोर ताणला, तुटला, आणि पाण्याची भिंत तिच्यावरून निघून गेली. वर आला तो तिचा तळ. मग भालचंद्र पाच माणसांची नावं एकामागून एक हाका मारत राहिला. दोघांनी ओ दिली.

“सदा गेलो,” शेवटी तो म्हणाला. “बाय, सदा गेलो.”

हेमांगीने काचेवर हात आपटला. जीभ आक्रसली, कड सगळीकडे सारखी झाली, वर डेकवर सूप सांडलं. कॅप्टनचा फोन वाजायला लागला. तिने उचलून सांगितलं, “माणसं मेलीत, सर. जहाज वळवा.”

“तटरक्षक दलाला कळवतो,” कॅप्टन म्हणाला. “आपण थांबायचं नाही. आपल्यावर अठराशे लोक आहेत.”

जहाज थांबलं नाही. होड्या मात्र जहाजाकडे वळल्या.

त्यातल्या दोन पुढे होत्या. कडेची लाट आता बेताची होती, ती त्यांनी सहज ओलांडली. आत सपाट पाणी. आयुष्यभर लाटांवर होडी हाकलेल्या माणसांना तो डांबरी रस्ताच होता. निवांत दिवस म्हणून जहाजाच्या मागच्या बाजूचा पोहण्याचा मंच पाण्याच्या पातळीला उघडा टाकलेला होता. साठेक प्रवासी रबरी चकत्यांवर पडून ऊन खात होते. होड्या येताना पाहून काहींनी हात हलवले.

पहिल्या होडीने वेग कमी केलाच नाही. तिचं टोक मंचावर चढलं आणि दोन चकत्या माणसांसकट तिच्याखाली गेल्या. होडीतून आठजण उतरले. हातात मासे ओढायचे लोखंडी आकडे, कोयते, एकाकडे इंजिनाचा पाना. एक दाढीवाला प्रवासी फोन वर धरून चित्रण करत होता. पाना त्याच्या कपाळावर बसला आणि तो फोन धरूनच मागे पाण्यात पडला. पाणी लाल झालं.

सुरक्षारक्षकांनी आवाजाच्या तोफा सुरू केल्या. कानाचे पडदे फाडणारा तो आवाज मंचावरच्या बायकामुलांनाही सोडत नव्हता. माणसं कान धरून गडबडा लोळत होती. मासेमार कानांत बोटं घालून, ओरडत, तसेच पुढे आले. पहिल्या रक्षकाच्या गळ्यात आकडा शिरला. तो गुडघ्यांवर बसला, दोन्ही हातांनी आकडा धरून, जणू तो कसा काढायचा याचा विचार करत. दुसऱ्याला तिघांनी मिळून कठड्यावर आपटलं. तो उठला नाही तरी ते आपटत राहिले.

मग सुरक्षाप्रमुख संग्राम भोइटे जिना उतरून आला आणि त्याने पिस्तुलातून पाच गोळ्या झाडल्या. तीन मासेमार पडले. त्यातला एक बाबल मोंडकर होता. हेमांगी सात वर्षांची असताना त्याने तिला खाडीत वल्हं मारायला शिकवलं होतं. पडद्यावर तो पोट धरून सरपटत आपल्या होडीकडे जात होता. भोइटेने त्याच्या पाठीत सहावी गोळी घातली.

चार-पाच मिनिटांनी भोइटे नियंत्रण कक्षात आला. बाही खांद्यापासून फाटली होती, दंडातून रक्त गळत होतं. मागे कॅप्टन मोहिते, चेहरा पांढराफटक.

“मागून अजून आठ होड्या येताहेत,” भोइटे म्हणाला. “मॅडम, ती जीभ त्यांच्यावर सोडा.”

“तो खून होईल.”

“खाली माझी चार माणसं मेलीत! एकाची आई मला दर रविवारी फोन करते. तिला काय सांगू? या आठ होड्या इथे पोचल्या तर पुढे प्रवासी आहेत. सोडा म्हणतो ना!”

“फक्त घाबरवायला, हेमांगी,” कॅप्टन म्हणाला. “एकच लाट.”

“नाही.”

भोइटेने तिचं मनगट पकडलं. तिने मूठ आवळली. त्याने ती मूठ टेबलावर दाबून धरली आणि पिस्तुलाचा दस्ता बोटांवर हाणला. मूठ उघडली नाही. दुसऱ्यांदा हाणला तेव्हा दोन बोटं काडकन मोडली. ती किंचाळली. त्याने तो सैल पडलेला पंजा उघडून काचेवर दाबला. काच हिरवी झाली. पुढच्या आज्ञा कॅप्टनने स्वतः दिल्या. एकही कळ चुकली नाही.

जीभ लांब आणि नेमकी फेकायची तर वलय आवळावं लागतं. चार मिनिटांत सगळे बोये जहाजापासून शंभर मीटरवर गोळा झाले. मग लाल पट्टा लांबला, अरुंद झाला आणि पहिल्या ठिपक्याकडे वळला. आठ मीटरची लाट होती ती. होडी टोकावर उभी राहिली आणि उलटी पडली. दुसरी मधून फाटली. पाण्यात डोकी दिसली, पुढच्या लाटेनंतर दिसली नाहीत.

“पुरे,” कॅप्टन म्हणाला. “पुरे झालं. थांबवा.”

पण यंत्रणा आता रडारवर चालत होती. एक ठिपका विझला की ती पुढचा घ्यायची. वलय पुन्हा मोठं करायला चार मिनिटं हवीत, तेवढ्यात उरलेल्या सहाही होड्या गेल्या असत्या. दुसरा उपाय एकच, सगळं बंद करणं.

“बंद करायचं नाही,” कॅप्टन ओरडला. “काही झालं तरी नाही!”

त्याचं भय खोटं नव्हतं. मंदाकिनी वलयातच चालण्यासाठी बांधली होती. चौदा मजले, चपटा तळ, डोलणं रोखणारे पंख काढून टाकलेले, पियानोपासून झुंबरांपर्यंत काहीच जमिनीला घट्ट नव्हतं. बोये शंभर मीटरवर आलेले. ते थांबले की सहा सेकंदांत समुद्र जहाजावर येणार होता.

हेमांगी टेबलापाशी खाली बसली होती, मोडका हात पोटाशी धरून. शेजारी भिंतीला आग विझवायचं लाल नळकांडं होतं. तिने ते डाव्या हाताने काढलं. भोइटे पडद्याकडे बघत होता. तिने उठून नळकांडं सगळ्या ताकदीनिशी त्याच्या तोंडावर फिरवलं. जबडा मोडल्याचा आवाज तिला ऐकू आला. तो कोसळल्यावर तिने पिस्तूल पायाने कपाटाखाली सारलं. कॅप्टन भिंतीला चिकटून उभा राहिला. तिच्या अंगावर यायचं धाडस त्याला झालं नाही.

तिने काचेचं झाकण फोडून बंद करायचा दांडा धरला आणि मोठ्या पडद्याकडे पाहिलं. जीभ वळत होती. तिसऱ्या ठिपक्याशेजारी होडीचं नाव उमटलं: सातेरी प्रसाद. भालचंद्रची होडी.

दांडा ओढायला अर्धा सेकंद लागला असता.

बाजूला बारा छोटे पडदे होते. त्यातल्या एकावर पोहण्याचा तलाव, त्यात अजून मुलं होती, गोळ्यांचे आवाज इतक्या वर पोचलेच नव्हते. एकावर मुख्य स्वयंपाकघर, चाळीस आचारी, उकळत्या तेलाच्या कढया. एकावर काचेचा जिना, त्यावर पळणाऱ्या माणसांची चेंगराचेंगरी. आचाऱ्यांतल्या निम्म्यांना ती नावाने ओळखत होती. कोणाच्याही हातात धरायला काही नव्हतं.

तिने दांडा सोडून ध्वनिक्षेपक उचलला.

“सगळ्यांनी खाली बसा. जे हाताला लागेल ते घट्ट धरा. तलावातून बाहेर या. कढयांपासून लांब व्हा. जिन्यावरच्यांनी कठडा धरा. जहाज कलणार आहे.” मराठीत, हिंदीत, इंग्रजीत. बोलताना तिचे डोळे मोठ्या पडद्यावर होते. लाल पट्टा ठिपक्याच्या जवळ, अजून जवळ. तलावातून एक आई दोन मुलांना ओढत होती. एक आचारी गॅस बंद करत होता. हेमांगी पुन्हा म्हणाली, “खाली बसा, खाली बसा.” मग तिने दांडा ओढला.

नंतर ध्वनिमुद्रणावरून वेळ निघाला. चाळीस सेकंद.

सुटलेली लाट परत बोलावता येत नाही. सातेरी प्रसादवर ती आदळली. पण तिच्या मागची उठलीच नाही, आणि उरलेल्या पाच होड्या नुसत्या साध्या समुद्रात डोलत राहिल्या.

सहाव्या सेकंदाला मंदाकिनी कलली. आधी हळू, कोणीतरी दार लोटावं तशी, मग एकदम. तलावातलं पाणी एका लोटात डेकवरून गेलं आणि खुर्च्या, कॅरमबोर्ड, माणसं घेऊन कठड्यावर आपटलं. जेवणघरात पियानो सुटला आणि तीन टेबलांवरून फिरून काचेतून बाहेर गेला. झुंबर खाली आलं. स्वयंपाकघरात सगळ्या कढयांखालचा गॅस बंद झाला होता, पण तेल गरमच होतं. जहाज दुसऱ्या बाजूला कललं तेव्हा काचेचा जिना वरपासून खालपर्यंत फुटला. आडव्या झालेल्या नियंत्रण कक्षात हेमांगी टेबलाचा पाय कवटाळून पडली होती. बेशुद्ध भोइटे घरंगळत तिच्यावर येऊन आदळला. तिने मोडक्या हातानेच त्याची कॉलर धरून ठेवली.

जहाज उलटलं नाही. दीड तासाने तटरक्षक दलाच्या नौका पोचल्या. जहाजावर सव्वीस माणसं मेली होती. आडबंदरची पंधरा. मंचावर, गंगासागरवर, त्या दोन होड्यांवर, आणि सातेरी प्रसादवर दोघं. भालचंद्र जिवंत सापडला. होडीच्या काठाखाली त्याचा डावा पाय गुडघ्यापासून चिरडला होता.

खटला उभा राहिला. कंपनीच्या संचालकांवर, कॅप्टनवर, भोइटेवर, मासेमारांवर, हेमांगीवर. देशात निस्तरंग यंत्रणेवर बंदी आली. परदेशात तिचं नाव बदललं आणि ती चालू राहिली. प्रवाशांच्या वकिलाने हेमांगीला पिंजऱ्यात विचारलं, “दोन मिनिटं दिली असती तर किती जीव वाचले असते, याचा विचार तुम्ही केला होता का?”

“नाही,” ती म्हणाली.

“मग चाळीसच सेकंद का?”

“तेवढेच देऊ शकले.”

जामीन मिळाल्यावर, अपघातानंतर चौदा महिन्यांनी, ती आडबंदरला गेली. सकाळचे दहा वाजले होते. उजव्या हाताची दोन बोटं वाकडीच जुळली होती. भालचंद्र मागच्या पडवीत बसून चपट्या लाकडी सुईने जाळं विणत होता. डावा पाय मांडीपाशी संपला होता. तिला पाहून त्याने सुई थांबवली नाही.

“जेवलंस?” त्याने विचारलं.

“नाय. दादा, एक सांगूचा आसा.”

“सांग.”

“कोर्टात मी सगळा सांगलंय, पण एक नाय सांगूक. लाट वळली तेव्हा पडद्यार नाव इला होता. सातेरी प्रसाद. माका दिसला. दिसल्यार मी माईक घेतलंय.”

सुई थांबली. मग त्याने जाळ्याचं घर पूर्ण केलं, गाठ मारली, दोरा दातांनी तोडला. एकाएकी सुई तिच्या अंगावर भिरकावली. ती तिच्या गालाच्या हाडावर लागली आणि रक्ताचा थेंब आला. तिने तो पुसला नाही.

“त्या टायमाक किती माणसा वाचली?” तो म्हणाला.

“म्हायत नाय. मेलेली मोजली. वाचलेली कोणी मोजूक नाय.”

“माझ्या होडयेर चौघे होते. दोन रवले.”

“होय.”

ती खाली वाकली, सुई उचलून त्याच्यासमोर ठेवली. आतून भाताचा वास येत होता. भालचंद्रने एकदा दाराकडे पाहिलं.

“अस्मी बाजारात गेलीहा,” तो म्हणाला. “ती हयच रवता आता. येयतच इतक्यात. ती येयच्या आधी जा तू. ती इली तर तिच्यासमोर माका तुका भायर काढूचा लागतला.”

हेमांगी उठली. पडवीच्या पायऱ्या उतरून अंगणाच्या फाटकापर्यंत गेली. डावीकडची वाट बाजारावरून जात होती, उजवीकडची पुळणीवरून. ती डावीकडे वळणार तोच मागून त्याचा आवाज आला.

“बाय. थयसून नको. ती त्याच वाटेन येता.”

तिने मागे पाहिलं. त्याने सुई हातात घेतली होती आणि तो पुन्हा जाळ्यावर वाकला होता. ती उजवीकडे वळली.